डिरेक्टरी सर्व्हरचं रेप्लिकेशन कसं आखावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्य कार्यालय सांगलीत, विभागीय कार्यालय साताऱ्यात आणि शाखा जतपासून महाबळेश्वरपर्यंत. अशा पसरलेल्या संस्थांचे डिरेक्टरी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड ठेवणारे सर्व्हर, सांभाळताना तेच तेच प्रश्न फोनवर येतात. बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावर येतात. म्हणून एकदाचे लिहून काढले.

रेप्लिकेशनमध्ये नेमकं काय होतं?

एका सर्व्हरवरचा बदल बाकीच्यांवर पोहोचवून सगळ्यांकडचा डेटा सारखा ठेवणं, हे रेप्लिकेशन. तलाठी कार्यालय डोळ्यांसमोर आणा. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कुठकुठल्या फेरफारांनी इथवर आली, हे गाव नमुना सहामध्ये क्रमाने नोंदलेलं असतं. डिरेक्टरीचा डेटाबेस हा सातबारा आणि चेंजलॉग हा नमुना सहा. दुसऱ्या सर्व्हरकडे सातबाऱ्याची नक्कल आधीच असते. तो एवढंच विचारतो, "माझ्याकडे फेरफार ४११२ पर्यंत चढलाय, पुढचं काय आहे?" आणि तेवढंच घेऊन जातो.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत अशी वेगळी वही नसते. तिथे प्रत्येक नोंदीवरच यूएसएन हा चढता क्रमांक बसतो, आणि प्रत्येक सर्व्हरची क्रमांकांची माळ स्वतःची असते. ओपनएलडॅप आणि ३८९ डिरेक्टरी सर्व्हर (पुढे नुसतं ३८९) या दुसऱ्या डिरेक्टरी सॉफ्टवेअरमध्ये बदलावर सीएसएन नावाचा शिक्का पडतो. त्यात वेळ असते आणि बदल कुठल्या सर्व्हरवर झाला तेही असतं.

चेंजलॉग कायमचा ठेवत नाहीत, मागची पानं छाटली जातात. एखादा सर्व्हर इतका मागे पडला की त्याला हवा असलेला फेरफारच वहीतून गेला, तर त्याला अख्खा सातबारा पुन्हा उतरवून द्यावा लागतो. त्यामुळे पानं किती दिवसांची ठेवायची हे ठरवताना एकच हिशेब करा: आपली सर्वांत वाईट लाइन जास्तीत जास्त किती दिवस बंद होती? त्याच्या दुप्पट ठेवा.

पाच सर्व्हरवर तोच डेटा आहे, मग बॅकअप कशाला?

हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच. एका संस्थेत शनिवारी दुपारी, घरी जायच्या घाईत, एकाने जत तालुक्याचं रिकामं वाटलेलं ओयू, म्हणजे खाती ठेवायचा कप्पा, पुसलं. ते रिकामं नव्हतं. यादी अर्धीच उघडलेली होती आणि खाली तीनशेच्या वर खाती होती. चूक लक्षात येऊन त्याने मला फोन लावेपर्यंत बदल सांगलीतल्या दोन्ही सर्व्हरवर पोहोचला होता, आणि साताऱ्याच्या सर्व्हरवर पोहोचायला काही मिनिटंच उरली होती. मी त्याला साताऱ्याच्या सर्व्हरची नेटवर्क वायर उपसायला सांगितलं. तिथला शिपाई जेवायला गेला होता आणि खोलीला कुलूप होतं. पुढचं सांगायला नको.

रेप्लिकेशन इमानदार असतं. चांगला बदल ज्या वेगाने पोहोचवतं त्याच वेगाने वाईटही पोहोचवतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत २००८ आर२ पासून रिसायकल बिन आहे, पण ती आपण चालू करावी लागते आणि चालू करण्याआधी पुसलेल्या गोष्टींना तिचा उपयोग नाही. त्या संस्थेत ती बंद होती. शुक्रवार रात्रीच्या बॅकअपमधून खाती परत आणली, अधिकृत रिस्टोअर करून. नुसतं रिस्टोअर केलं असतं तर शेजारच्या सर्व्हरने "अरे, हे तर पुसलेलं आहे" म्हणून ती पुन्हा पुसली असती.

आजच उठून दोन गोष्टी तपासा: रिसायकल बिन चालू आहे का, आणि चुकून पुसण्यापासून संरक्षण देणारी खूण प्रत्येक ओयूवर आहे का.

किती सर्व्हर लागतील? प्रत्येक शाखेत एक ठेवू का?

नको. शाखांची संख्या मोजून सर्व्हर ठरवणं ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी सवय आहे. प्रत्येक सर्व्हर म्हणजे आणखी एक यूपीएस, आणखी एक पॅचिंग, आणखी एक कुलूप.

शाखेला विचारा: लाइन गेली तर तुमचं काय अडतं? शाखेत आठ संगणक आहेत आणि सगळं काम मुख्य कार्यालयातल्या सॉफ्टवेअरवर चालतं, तर लाइन गेल्यावर तसंही काही होणार नाही. तिथे सर्व्हर ठेवून काय साधणार? आधी लॉगिन केलेल्या माणसाला विंडोज साठवलेल्या ओळखीवर आत घेतं, तेवढं पुरतं. उलट एखाद्या ठिकाणी स्वतःचं चालणारं काम असतं: रुग्णालय, कारखान्याचा वजनकाटा, वसतिगृहासह कॉलेज. तिथे लाइन तुटली तरी माणसं आत येत राहिली पाहिजेत. तिथे सर्व्हर हवा.

मिरजेला एक, सांगलीत दोन, साताऱ्यात दोन, विट्याला कदाचित एक. साठ शाखांच्या संस्थेला एवढ्यात भागलेलं मी पाहिलंय.

दुसरं केंद्र साताऱ्यातच का? सांगलीतल्याच दुसऱ्या इमारतीत का नाही?

कृष्णेमुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. गावभागातल्या इमारतीत एक सर्व्हर आणि टिळक चौकाजवळ दुसरा, याला दोन जागा म्हणता येत नाही, कारण पाणी दोन्हीकडे एकदमच येतं. आणि सर्व्हर वरच्या मजल्यावर कोरडा राहिला तरी खालचा वीजपुरवठा आधीच बंद केलेला असतो. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उंचावर आहे, तिथे निदान हे दुखणं नाही.

लाइनचंही तेच. दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर घेतली म्हणून खूश होऊ नका. दोन्ही महामार्गाच्या कडेने एकाच चरातून गेल्या असतील तर एकच जेसीबी दोन्ही उखडतो. मार्गाचा नकाशा मागा. देत नाहीत, मागे लागा. नाहीच मिळाला तर दुसरी लाइन रेडिओची किंवा मोबाइल नेटवर्कची घ्या.

लिहिण्याचा अधिकार किती सर्व्हरना द्यावा?

जितक्या कमींना देता येईल तितका. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत निवड थोडीच असते. केवळ-वाचनाचा आरओडीसी सोडला तर प्रत्येक डोमेन कंट्रोलर, म्हणजे तिथला डिरेक्टरी सर्व्हर, लिहू शकतो. पण एचआरच्या लोकांनी कुठल्या सर्व्हरला जोडून लिहायचं, हे आपण ठरवू शकतो. ओपनएलडॅपमध्ये मिरर मोड मला आवडतो: दोन सर्व्हर लिहू शकतात, पण समोरचा लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या वाटून देणारा) एका वेळी एकालाच लिहू देतो. पहिला पडला की दुसरा. तंटे जवळजवळ संपतात.

तंटा कसा होतो ते सांगतो. आमच्या भागात एस. एस. पाटील शोधायला गेलात तर एका शाखेत तीन सापडतात. लाइन बंद असताना विट्याच्या आणि साताऱ्याच्या सर्व्हरवर, एकाच सकाळी, एकाच ओयूमध्ये दोन नवीन एस. एस. पाटील तयार झाले, तेही त्याच नावाने. लाइन आल्यावर दोन्ही सर्व्हर समोरासमोर. ॲक्टिव्ह डिरेक्टरी नंतर लिहिलेल्याला नाव देते आणि आधीच्याच्या नावापुढे सीएनएफ आणि एक लांबलचक क्रमांक चिकटवते. ३८९ मध्ये उलटं, आधी आलेला नाव राखतो आणि नंतरच्यावर तंट्याची खूण बसते. दोन्हीकडे निकाल यंत्र लावतं, पण एका पाटलांना सकाळी लॉगिन होत नाही आणि का होत नाही हे कोणालाच कळत नाही. यावर उपाय तांत्रिक नाही. लॉगिनचं नाव कर्मचारी क्रमांकावरून द्या, आणि नवीन खाती एकाच ठिकाणी तयार करा.

एकाच नोंदीचं एकच गुणधर्म-मूल्य दोघांनी बदललं, म्हणजे एकाने फोन नंबर बदलला आणि दुसऱ्यानेही, तर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आधी आवृत्तीचा क्रमांक बघते, तो सारखा असेल तर वेळ. हरलेला बदल गुपचूप जातो, कुठे तक्रार येत नाही.

शाखेत पासवर्ड बदलला, बाकी सगळीकडे कधी पोहोचतो?

एकाच साइटमध्ये, म्हणजे वेगवान लाइनने जोडलेल्या एका जागेत, असाल तर काही सेकंदांत. बदल झाल्यावर १५ सेकंदांनी पहिल्या शेजाऱ्याला निरोप जातो, मग ३-३ सेकंदांनी पुढच्यांना. दोन साइटमध्ये मात्र साइट लिंकचं वेळापत्रक चालतं, आणि ते मुळात १८० मिनिटांवर लावलेलं असतं. तीन तास! कोणी हात लावला नाही म्हणून वर्षानुवर्षं तसंच राहतं. वेळापत्रकाने १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येतं, आणि आजच्या लाइनवर त्याला काही हरकत नाही. त्याहून लवकर हवं असेल तर साइट लिंकवरही बदलाचा निरोप ताबडतोब पाठवायची सोय चालू करता येते. सांगली-सातारा लिंकवर मी ती चालू ठेवतो.

पासवर्डसाठी एक वेगळी पळवाट आहे. नवा पासवर्ड लगेच पीडीसी एम्युलेटर या भूमिकेच्या सर्व्हरला कळवला जातो, आणि दुसऱ्या एखाद्या सर्व्हरला पासवर्ड चुकीचा वाटला तर तो नकार देण्याआधी पीडीसीला विचारून घेतो. म्हणून शिराळ्याच्या लिपिकाने पासवर्ड बदलून दुपारी साताऱ्यात लॉगिन केलं तर चालतं. खातं बंद करण्याला मात्र ही पळवाट लागू नाही. कोणाला निलंबित केलं आणि त्याचं खातं सांगलीत बंद केलं, तर तो जिथे बसतो तिथल्या सर्व्हरला ते वेळापत्रकाप्रमाणेच कळणार. अशा वेळी खातं त्याच्याच जवळच्या सर्व्हरवर बंद करा, किंवा बंद केल्यावर रेपॲडमिन या विंडोजच्या आज्ञेने हाताने ढकला. आदेश दुपारी चारला निघतो आणि माणूस साडेचारला फाइली उतरवत असतो, हे घडलेलं आहे.

लाइन किती जाड लागेल?

रोजच्या बदलांना फार लागत नाही, आणि साइटच्या बाहेर जाणारा डेटा ॲक्टिव्ह डिरेक्टरी दाबून पाठवते. अडतं ते पहिल्या भरण्याला. समजा ८००० नोंदी आहेत आणि एक नोंद सरासरी ५ केबीची. सगळं मिळून ४० एमबी, २ एमबीपीएसच्या लाइनवर तीनेक मिनिटं. आता कोणीतरी हौसेने प्रत्येकाचा १०० केबीचा फोटो डिरेक्टरीत टाकला. तेच ८०० एमबी झाले, तासाभराचं काम, तेही लाइनवर दुसरं काहीच चालू नसेल तर. फोटो डिरेक्टरीत ठेवू नका. ठेवायचेच असतील तर टपाल तिकिटाएवढे ठेवा.

दूरच्या ठिकाणचा नवा सर्व्हर मी सांगलीतच भरून मग गाडीत घालून नेतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत त्याऐवजी मीडियावरून स्थापना करता येते: बॅकअपची डिस्क न्यायची, तिथे त्यातून उभं करायचं, उरलेला फरक लाइनवरून येतो. आटपाडीला जाणाऱ्या गाडीपेक्षा मोठी बँडविड्थ मला अजून कोणी विकलेली नाही.

लाइन वारंवार तुटते, त्याचं काय?

गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की खांबांवरून ओढलेल्या केबल ओरबाडल्या जातात. आमच्याकडे दर हिवाळ्यात एक-दोन शाखा अशा जातात. पूर्ण तुटलेली लाइन बरी, कारण ती कळते आणि जोडल्यावर रेप्लिकेशन आपोआप मागचं भरून काढतं.

छळते ती अर्धमेली लाइन. ओपनएलडॅपमध्ये घेणारा सर्व्हर जोडणी उघडी ठेवून बदलांची वाट बघत बसतो. मधल्या फायरवॉलने शांत पडलेली जोडणी मुकाट्याने तोडली, तर घेणाऱ्याला पत्ताच लागत नाही. तो वाट बघतच राहतो, आणि लॉगमध्ये एकही चूक दिसत नाही. एका कॉलेजात प्रवेशाच्या काळात नऊ दिवस नवीन विद्यार्थ्यांची खाती एका सर्व्हरवर आलीच नव्हती, आणि बघावं तर सगळं हिरवंगार. रेप्लिकेशन ठरवणाऱ्या सिंकरेपलच्या ओळीत कीपअलाइव्हची, म्हणजे जोडणी जिवंत आहे का ते अधूनमधून तपासायची, सोय आहे, ती घाला.

सगळा डेटा सगळीकडे पाठवायलाच हवा का?

मुळीच नाही. ३८९ मध्ये ठरावीक गुणधर्म वगळून रेप्लिकेशन करता येतं. ओपनएलडॅपमध्येही घेणाऱ्याला निवडकच मागता येतं. शाखेतल्या वजनकाट्याला माणसाची जन्मतारीख कशाला हवी?

विंडोजवाल्यांसाठी आरओडीसी आहे, सर्व्हर २००८ पासून. ज्या शाखेत सर्व्हर जिन्याखाली, पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवलाय, तिथे हाच ठेवावा. त्यावर लिहिता येत नाही, आणि ज्यांना परवानगी दिली तेवढ्यांचेच पासवर्ड तो साठवतो. उद्या पेटीच चोरीला गेली तर त्या शाखेतल्या वीस जणांचे पासवर्ड बदलायचे, आठ हजारांचे नाही.

सर्व्हरचं घड्याळ एवढं महत्त्वाचं आहे?

हो. लॉगिनची ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉसला मुळात पाच मिनिटांपलीकडचा फरक चालत नाही, लॉगिनच बंद होतात. ते निदान लगेच समजतं. सीएसएनमध्ये वेळ असल्यामुळे पुढे गेलेलं घड्याळ जास्त वाईट. एका सर्व्हरने उद्याचा शिक्का मारून बदल पाठवले की बाकीच्यांचे आजचे बदल त्यापुढे जुने ठरतात. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, रात्री वीज जाते, यूपीएस धाप टाकतो, सकाळी सर्व्हर भलतीच तारीख घेऊन उठतो. घड्याळ जुळवणारी एनटीपी दोन ठिकाणांहून लावा आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या बॅटऱ्या बदलून टाका.

बरेच दिवस बंद असलेला सर्व्हर पुन्हा लावला तर?

टूमस्टोनचा काळ उलटून गेला असेल तर लावू नका. टूमस्टोन म्हणजे पुसलेल्या नोंदीची खूण, ती ॲक्टिव्ह डिरेक्टरी आता मुळात १८० दिवस ठेवते. जुन्या काळी उभ्या केलेल्या आणि नंतर वाढवत नेलेल्या डोमेनमध्ये हा आकडा ६० राहिलेला असतो. त्याहून जास्त झोपलेल्या सर्व्हरला काय पुसलं गेलं हे सांगायला कोणी उरत नाही.

पुरात एका कार्यालयातला सर्व्हर घाईने उचलून मिरजेला कोणाच्या तरी गोडाऊनमध्ये ठेवला होता. डिसेंबरात कोणीतरी प्रेमाने पुसून, वाळवून जोडला. डोमेन जुनं, ६० दिवसांचं, आणि जुन्या नोंदी अडवणारी कडक सेटिंग कधी चालूच केलेली नव्हती. त्या सर्व्हरवर पत्ते दुरुस्त करायला घेतले, आणि जिच्यात दुरुस्ती झाली ती प्रत्येक पुसलेली नोंद पुन्हा सगळ्या सर्व्हरवर उगवली. निवृत्त होऊन गेलेले लोक संपर्कयादीत हजर! त्यातले एक गृहस्थ वारलेले होते. त्यांना सणाच्या शुभेच्छांची ईमेल गेली, आणि ते खातं घरच्यांच्या फोनवर अजून चालू होतं.

आभासी मशीनचा जुना स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, परत चढवणं हा याचाच भाऊ. सर्व्हर मागच्या क्रमांकावर जातो आणि वापरून झालेले यूएसएन पुन्हा वापरू लागतो. शेजारी म्हणतात हे आमच्याकडे आहेच, आणि नवे बदल घेत नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२ पासून, हायपरव्हायजरची (आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) साथ असेल तर, सर्व्हरला आपण मागे गेलोय हे ओळखता येतं. तरी डोमेन कंट्रोलरच्या स्नॅपशॉटवर भिस्त ठेवू नका.

नावं मराठीत ठेवली तर रेप्लिकेशनला त्रास होतो का?

रेप्लिकेशनला नाही, डिरेक्टरीशी बोलायची पद्धत म्हणजे एलडॅप, तिच्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर कुठलीही लिपी चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्येच असतो. शोधताना होतो. कऱ्हाडकर मधला ऱ् दोन प्रकारे टंकता येतो: थेट नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. टंकणारा एक आणि शोधणारा दुसरा असला की कऱ्हाडकर बेपत्ता. नोंद आत येतानाच एका पद्धतीला आणून घ्या.

रेप्लिकेशन चालू आहे हे रोज कसं बघायचं?

विंडोजवर रेपॲडमिनचा सारांश, ओपनएलडॅपवर दोन्हीकडचा कॉन्टेक्स्टसीएसएन (शेवटच्या बदलाचा शिक्का) ताडून बघणं, ३८९ मध्ये त्याचा स्वतःचा रेप्लिकेशन मॉनिटर. पण माझा भरवसा एका खोट्या कर्मचाऱ्यावर आहे. प्रत्येक लिहिणाऱ्या सर्व्हरसाठी एक चाचणी नोंद. रोज सकाळी आठला स्क्रिप्ट तिच्या वर्णनात त्या क्षणाची वेळ लिहिते आणि साडेआठला बाकी सगळ्या सर्व्हरवर ती वाचते. कुठे कालची वेळ दिसली की मोबाइलवर संदेश. वर सांगितलेली नऊ दिवसांची गंमत झाल्यानंतर हे बसवलं.

जुना सर्व्हर नुसता बंद करून भंगारात दिला तर चालेल?

नाही. बाकीचे त्याची वाट बघत राहतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत त्याला रीतसर पदावरून उतरवा. आधीच मेला असेल तर त्याची मेटाडेटा, म्हणजे डिरेक्टरीत मागे राहिलेली त्याची माहिती, साफ करा, आणि पाच विशेष भूमिकांपैकी (पीडीसी एम्युलेटर ही त्यातलीच) एखादी त्याच्याकडे होती का ते बघून दुसऱ्याकडे घ्या. ३८९ मध्ये रेप्लिकेशनचा करार काढल्यावरही त्याचा रेप्लिका क्रमांक सगळ्यांच्या आरयूव्हीमध्ये, म्हणजे कोणाचे बदल कुठवर आले या यादीत, उरतो, तो क्लीनऑलआरयूव्ही या आज्ञेने काढावा लागतो. आणि तो क्रमांक नव्या सर्व्हरला पुन्हा देऊ नका. क्रमांकांची ददात नाही, १ ते ६५५३४ मोकळे आहेत. आमच्याकडे वापरलेल्या क्रमांकांची एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची, रॅकच्या दारामागे टांगलेली. गेल्या महिन्यात २३ वा लिहिला.